फुलदाणी कुठली, हे आधी बुडाला विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे दोन फुलदाण्या आहेत. पहिली जाड आणि जड: आत निळा थर, त्यावर अंबरी, सर्वांत बाहेर बिनरंगी काच. सही नाही, लेबल नाही, पण विकणाऱ्याने ती ‘मुरानो’, म्हणजे व्हेनिसजवळच्या काचेसाठी प्रसिद्ध बेटावरची, म्हणून दिली. दुसरी पातळ, सोनेरी-निळसर झळाळीची, आणि बुडावर ‘लोट्झ ऑस्ट्रिया’ असे कोरलेले (लोट्झ हा आजच्या चेक प्रजासत्ताकातला जुना काचकारखाना). या खरोखर तिथल्याच आहेत का आणि हे घरच्या घरी कसे ठरवायचे, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तर आधी देतो, कारणे मागून. पहिली मुरानोची असू शकते, पण तशाच दिसणाऱ्या फुलदाण्या चेकोस्लोव्हाकिया, स्वीडन आणि कॅनडातही बनल्या आहेत, त्यामुळे नुसत्या रूपावरून शिक्का मारता येणार नाही. दुसरीच्या सहीला मी तूर्तास शून्य गुण देतो. झळाळीच्या काचेत बिनसहीची फुलदाणी मला सहीवाल्यापेक्षा कमी संशयास्पद वाटते, हे ऐकायला उलटे वाटेल. त्यावर पुढे येतो.

बहुतेक जण आधी सही शोधतात, मग लेबल, मग रंगावरून चित्रांशी जुळवाजुळव करतात आणि जमलेच तर शेवटी बूड बघतात. माझा क्रम नेमका उलटा असतो. सही पाच मिनिटांत कोरता येते, लेबल एका भांड्यावरून दुसऱ्यावर जाते, रंगाची नक्कल होते. भांडे कसे फुंकले, कुठे धरले, कुठे कापले आणि बूड कसे घासले यांच्या खुणा मात्र काचेतच राहतात. त्या बदलायच्या तर भांडे नव्याने घडवावे लागेल.

म्हणून सुरुवात बुडापासून. फुंकनळीच्या टोकाला काचेचा गोळा फुगवतात तेव्हा फुलदाणीचे तोंड नळीच्या बाजूला असते. ते तोंड नीट करायचे तर भांडे नळीवरून सोडवावे लागते. त्याआधी बुडाला एक भरीव लोखंडी सळई काचेच्या थेंबाने चिकटवतात. तिला पॉन्टिल म्हणतात. काठाचे काम झाले की ठोका देऊन सळई तोडतात आणि बुडावर तिचा व्रण उरतो. या व्रणाचे पुढे काय केले, ही कारखान्याची सवय असते आणि सवयी सहज बदलत नाहीत.

व्रण तसाच खडबडीत सोडलेला असेल तर माल घाईचा किंवा स्वस्त असू शकतो. पण काही चांगल्या कारखान्यांचीही ती रीत होती, अमेरिकेतील ब्लेन्को हे त्याचे उदाहरण. व्रण घासून गुळगुळीत वाटीसारखा खळगा केलेला असेल तर बोहेमिया (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग) आणि ब्रिटन आधी डोळ्यांसमोर येतात. लोट्झच्या चांगल्या फुलदाण्यांवर असा पॉलिश केलेला खळगा सहसा दिसतो. अख्खे बूड सपाट घासून आरशासारखे केले असेल आणि कडेला बारीक तिरकी धार असेल, तर ते जाड थरांच्या काचेचे लक्षण. मुरानो, स्कँडिनेव्हिया, चेक, तिघेही त्यात येतात, म्हणजे देश अजून ठरत नाही.

क्वचित व्रणावरच ठसा मिळतो, आणि तेव्हा अर्धे काम झालेले असते. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथर्नच्या बुडावर उडी मारणाऱ्या सॅमन माशाचा ठसा असतो. मायकेल हॅरिस यांनी 1968 मध्ये माल्टामध्ये मदिना ग्लास सुरू केली, 1972 मध्ये ती सोडली आणि पुढच्या वर्षी आयल ऑफ वाइट स्टुडिओ ग्लास काढली. तिथल्या सुरुवातीच्या भांड्यांवर ज्वाळेसारखा ठसा दिसतो. गरम काचेवर उमटलेला ठसा नंतर पाडता येत नाही, म्हणून कोरलेल्या अक्षरांपेक्षा त्याचे वजन कितीतरी जास्त.

व्रणच नसेल तर? मग भांडे बहुधा साच्यात फुंकून वरचा भाग कापून टाकलेला असतो. खात्रीसाठी काठावरून बोट फिरवा. आगीत वितळवून गोल केलेला काठ मऊ आणि किंचित असमान लागतो. कापून घासलेला काठ सपाट असतो आणि आतल्या किंवा बाहेरच्या कडेला बारीक तिरका उतार हाताला लागतो. काठ आगीत गोल केलेला, पण बुडावर व्रण नाही, असेही दिसेल. तिथे भांडे चिमट्यासारख्या पकडीत धरून काठ तापवलेला असतो. दोन समोरासमोरच्या उभ्या रेघा, म्हणजे साच्याची शिवण, दिसल्या तर हातही आत फिरवून बघा. बाहेरच्या नक्षीचा चढउतार आतून जाणवला तर काच साच्यात फुंकलेली. आतून पूर्ण गुळगुळीत आणि वर रुंद होत जाणारी असेल तर दाबून घडवलेली, कारण दट्ट्या वर काढता यायला हवा.

दाबकाचेला हलके लेखू नका. 1965 मध्ये स्थापन झालेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या स्क्लो युनियनने रुडॉल्फ युर्निक्ल, फ्रान्टिशेक विझ्नर, आडॉल्फ माटुरा, व्लादिस्लाव उर्बान अशा रचनाकारांच्या फुलदाण्या दाबकाचेत काढल्या आणि आज त्यांचे संग्राहक जगभर आहेत. आकार साच्याचाच असल्याने छापील सूचीतल्या चित्राशी तो रेघ न् रेघ जुळतो; हाताने फुंकलेल्या काचेत ही सोय नाही.

बूड हातात आहे तोवर झीजही पाहून घ्या. पन्नास-साठ वर्षे फळीवर, टेबलावर सरकलेल्या भांड्याच्या टेकण्याच्या कडेवर बारीक ओरखडे असतात: सगळ्या दिशांचे, कमी-जास्त खोलीचे, आणि फक्त जिथे भांडे टेकते तिथेच. पॉलिश कागदाने घासून ‘जुने’ केलेल्या बुडावर ओरखडे एका दिशेचे, सारख्या खोलीचे आणि खळग्यातही पोचलेले असतात. दहापट भिंगाखाली हा फरक लपत नाही. झीज अजिबात नसेल तर काच नवी असेलच असे नाही. कपाटात बसून राहिलेल्या भेटवस्तू कमी नसतात. पण सही झिजेच्या वर आहे की खाली, हे मात्र जरूर बघा. जुन्या सहीच्या अक्षरांवरून ओरखडे गेलेले दिसतात. ओरखड्यांना कापत जाणारी ताजी पांढरी अक्षरे असतील तर पुढे काही विचारायचे उरत नाही.

आता काच कशाची आहे ते. मुरानोची परंपरा सोडाकाचेची. ती हळू थिजते, म्हणून ओढणे, पिळणे, चिमटे काढणे याला वेळ मिळतो. स्वीडनच्या ओरेफोर्स आणि कोस्टाच्या जाड कलाकाचेत शिशाचे क्रिस्टल सर्रास आढळते. या दोन काचा डोळ्यांना सारख्या दिसतात, तराजूला दिसत नाहीत. सोडाकाचेची घनता (दर घनसेंटिमीटरला किती ग्रॅम) 2.5 च्या आसपास असते. युरोपीय समुदायाच्या 1969 च्या नियमानुसार 24 टक्के शिसे-ऑक्साइडच्या क्रिस्टलची घनता किमान 2.90 आणि 30 टक्क्यांच्या क्रिस्टलची किमान 3.00 हवी. फरक इतका मोठा आहे की स्वयंपाकघरातला वजनकाटाही तो पकडतो.

कृती सोपी. आधी कोरडी फुलदाणी तोला. मग पाण्याने भरलेली बादली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. फुलदाणी मजबूत दोरीने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, आतली हवा तिरके करून घालवा, आणि ती तळाला किंवा भिंतीला टेकू न देता लोंबकळत धरा. काट्यावर जितके ग्रॅम वाढतील तितके घनसेंटिमीटर काचेचे आकारमान. वजनाला त्याने भागा. फुलदाणी 1900 ग्रॅम आणि वाढ 755 ग्रॅम, तर घनता सुमारे 2.52: सोडाकाच. तीच वाढ 640 आली तर 2.97: शिसे आहे. काच फुटायची भीती वाटत असेल तर बादलीत तळाशी जुना टॉवेल घाला. आणि लेबल असेल तर हा प्रयोग करूच नका; लेबल ओले करून फुलदाणीची ओळख पटवण्यात काही शहाणपण नाही.

‘टिचकी मारली की घंटेसारखी वाजते, म्हणजे क्रिस्टल’ हा समज मात्र सोडून द्या. नाद आकारावर आणि काचेच्या जाडीवर फार अवलंबून असतो. जाड बुडाची फुलदाणी शिशाची असूनही मुकी राहते.

अतिनील टॉर्चबद्दलही हल्ली खूप बोलले जाते. युरेनियम असलेली काच त्यात झगझगीत हिरवी चमकते, मँगेनीजची फिकट हिरवी, कॅडमियमची पिवळी किंवा नारिंगी. दिसते मजेशीर, पण देश सांगत नाही. युरेनियमची काच बोहेमियात योझेफ रीडेल यांनी 1830 च्या दशकात लोकप्रिय केली आणि नंतर ती जवळपास सगळीकडे बनली. टॉर्चचा खरा उपयोग दुरुस्ती पकडायला होतो: चिकटवलेला काठ किंवा भरलेली टवकी वेगळ्या रंगात उठून दिसते.

रंगावरून ओळखणाऱ्यांशी माझे नेहमी वाजते. 1962 मध्ये अमेरिकेत टोलीडोच्या कलासंग्रहालयात हार्वी लिटलटन यांनी छोट्या भट्टीवर कार्यशाळा घेतली आणि त्यानंतर एकट्या कलाकाराने स्वतःच्या भट्टीवर काम करण्याची लाट जगभर पसरली. असे कलाकार रंगीत काचेचे तयार दांडे विकत घेतात. जर्मनीच्या कुग्लर आणि रायखेनबाख यांचे दांडे सगळ्या खंडांत पोचतात. त्यामुळे 1970 नंतरच्या फुलदाणीत एखादी लाल छटा ‘खास मुरानोची’ म्हणणे धाडसाचे आहे. तांब्याचे चमचमते कण असलेली अ‍ॅव्हेंचुरीन काच मुरानोत सतराव्या शतकापासून बनते हे खरे, पण तीही पुढे इतरत्र गेली. रंग कामी येतो तो उलट्या दिशेने: कारखाना आधी वेगळ्या पुराव्याने ठरला असेल आणि त्याच्या रंगांची यादी उपलब्ध असेल, तर यादीत नसलेला रंग धोक्याची घंटा ठरतो.

ब्रिटनच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याचे उदाहरण त्यासाठी उत्तम. तिथले रचनाकार जेफ्री बॅक्स्टर यांची खडबडीत पोताची मालिका 1967 मध्ये आली. साच्यात झाडाची साल, विटा, तारा, खिळे लावून त्यांचा पोत काचेवर उतरवला होता. त्यातली वेड्यावाकड्या रचलेल्या विटांसारखी ‘ड्रंकन ब्रिकलेयर’ आणि मध्ये वर्तुळ असलेली ‘बँजो’ या दोन फुलदाण्यांच्या नकला भरपूर आहेत. मूळ मालावर सही नसते, सुटून जाणारे लेबल असते. पण कारखान्याच्या सूचीत नमुना क्रमांक, मापे आणि रंग ठरलेले आहेत. सूचीत नसलेल्या मापाची किंवा रंगाची ब्रिकलेयर समोर आली की आधी संशय घ्यायचा. कारखाना 1980 मध्ये बंद झाला, त्यामुळे ही यादी पुढे वाढणारी नाही.

आता तुमच्या पहिल्या फुलदाणीकडे. एका रंगावर दुसरा, त्यावर बिनरंगी काच, असे भट्टीतल्या वितळलेल्या काचेत बुडवून थर चढवण्याच्या तंत्राला इटालियनमध्ये सोम्मेर्सो म्हणतात. 1930 च्या दशकात मुरानोच्या वेनिनी कारखान्यात कार्लो स्कार्पा यांनी त्यावर काम केले आणि 1950 च्या दशकात सेगुसो वेत्री दार्ते या कारखान्यासाठी फ्लाविओ पोली यांनी त्याला शांत, जड, थेंबासारखे आकार दिले. त्यांना मागणी येताच मुरानोच्या डझनभर भट्ट्यांनी पर्यटकांसाठी तसाच माल काढला. म्हणजे ‘मुरानोच आहे’ हे सिद्ध झाले तरी कोणत्या दर्जाचे मुरानो हा प्रश्न उरतोच.

मुरानोबाहेरचे दावेदार ओळखून ठेवा. चेकोस्लोव्हाकियात ख्रिब्स्काच्या कारखान्यात योझेफ होस्पोडका यांनी जाड, दोन-तीन रंगांच्या, काठाला ओढून टोके काढलेल्या फुलदाण्या आणि ताटल्या केल्या. बाजारात ‘मुरानो’ म्हणून फिरणाऱ्या काचेत त्यांचा वाटा मोठा आहे. एमानुएल बेरानेक यांच्या श्क्र्द्लोविट्सेच्या भट्टीतली जाड काचही तशीच फसवते. स्वीडनच्या फ्लिग्सफोर्समध्ये पॉल केडेल्व यांची ‘कोकिय’ मालिका 1950 च्या दशकात आली: रंगीत आणि पांढऱ्या थरावर बिनरंगी काच, हातपाय पसरल्यासारखे ओढलेले आकार. तिच्या बुडावर बहुतेक वेळा कारखान्याचे नाव, मालिकेचे नाव आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक कोरलेले असतात, पण अक्षरे इतकी बारीक की मळ बसला की दिसत नाहीत. कॅनडात मुरानोहून गेलेल्या कारागिरांनी शॅले नावाने शिशाच्या काचेत अशाच ओढलेल्या वस्तू बनवल्या. इथे घनतेची परीक्षा चोख काम करते. इटलीतच टस्कनीतील एम्पोली हे काचेचे दुसरे मोठे केंद्र आहे. तिथल्या हिरव्या आणि आतून दुधी पांढऱ्या थराच्या फुलदाण्यांनाही लोक सरसकट मुरानो म्हणतात. आणि आजकाल चीनमधून येणारा ‘मुरानो शैली’चा माल आहेच.

यातून वाट कशी काढायची? फुलदाणी खिडकीसमोर धरून थरांच्या सीमा बघा. चांगल्या सोम्मेर्सोत निळा आणि अंबरी यांच्यामधली रेघ सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते, आतला थर मध्यभागी नीट बसलेला असतो आणि काचेत भटके बुडबुडे नसतात. मुद्दाम रांगेत घातलेले बुडबुडे वेगळे. ते सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतराचे असतात. घाईच्या मालात आतला थर एका बाजूला झुकतो, सीमा विरघळल्यासारखी होते आणि बुडाच्या पॉलिशमध्ये लाटा दिसतात. पैलू पाडलेली चौकोनी सोम्मेर्सो असेल तर पैलूंच्या धारा बोटाने तपासा. हे सगळे दर्जा सांगते, देश थेट सांगत नाही. पण घनता 2.5, थर स्वच्छ, बूड सपाट पॉलिश आणि आकार चेक किंवा स्वीडिश सूचीत सापडत नाही, इतके जमले तर मुरानोकडे पारडे झुकते.

मुरानोच्या लेबलांबद्दल एक गोष्ट. ‘मुरानो ग्लास, मेड इन इटली’ छापलेला सोनेरी कागद हा कारखान्याचा पुरावा नाही. असे सामान्य लेबल कोणीही छापत असे आणि दुकानदारही लावत. अधिकृत म्हणता येईल असे ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह व्हेनेतो प्रांताच्या 1994 च्या कायद्याने आले, त्यामुळे 1950 च्या दशकातली म्हणून विकल्या जाणाऱ्या फुलदाणीवर ते चिकटलेले असेल तर काहीतरी गडबड आहे. 1921 मध्ये पाओलो वेनिनी आणि जाकोमो कापेलिन यांनी सुरू केलेल्या वेनिनीच्या मालावर मात्र दीर्घकाळ आम्लाने उमटवलेला तीन ओळींचा शिक्का असे: वेनिनी, मुरानो, इटालिया. पुढे कोरलेली सही आली. रुमालासारखी दुमडलेली ‘फात्सोलेत्तो’ फुलदाणी वेनिनीची म्हणून दाखवतात तेव्हा हा शिक्का शोधा. हा आकार फुल्विओ बियांकोनी आणि पाओलो वेनिनी यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस आणला आणि त्याची नक्कल जगभर झाली, काही नकला तर चक्क छापील पट्ट्यांच्या.

दुसरी फुलदाणी जास्त अवघड आहे. धातूच्या क्षारांची वाफ, मुख्यतः कथिलाच्या क्लोराइडची, गरम काचेवर घेतली की पृष्ठभागावर अतिशय पातळ थर बसतो आणि ती इंद्रधनुषी झळाळी येते. अमेरिकेच्या लुई टिफनी यांनी आपल्या झळाळीच्या काचेसाठी ‘फाव्हरील’ हे व्यापारचिन्ह 1894 मध्ये नोंदवले. बोहेमियात क्लाश्टेर्स्की म्लिनच्या लोट्झ कारखान्याने 1898 मध्ये ‘फेनोमेन’ तंत्राचे पेटंट घेतले, ज्यात काचेचे रंगीत धागे गरम काचेवर गुंडाळून आकड्याने ओढतात. अमेरिकेतच फ्रेडरिक कार्डर यांची स्टुबेन कारखान्यातली ‘ऑरीन’ काच 1904 ची. या तिघांच्या सावलीत क्रालिक, रिंड्सकोप्फ, पाल्मे-क्योनिग, क्वेझल आणि आणखी कितीतरी जण झळाळीची काच बनवत होते. जर्मनीच्या डब्ल्यूएमएफ कारखान्याने 1920 च्या दशकात काढलेली पातळ सोनेरी ‘मायरा’ काच तर बहुतेक वेळा बिनसहीचीच असते आणि तिला लोट्झ किंवा टिफनी म्हणून खपवतात.

लोट्झच्या मालाचा मोठा भाग सहीविना बाहेर पडला. सही दिसते ती मुख्यतः निर्यातीच्या मालावर. त्यामुळे शंभर वर्षांत दोन गोष्टी घडल्या: अस्सल बिनसहीच्या लोट्झवर कोणीतरी भाव वाढवायला ‘टिफनी’ची आद्याक्षरे कोरली आणि क्रालिकच्या साध्या फुलदाण्यांवर ‘लोट्झ’ कोरले गेले. म्हणून मघाशी म्हटले की बिनसहीची मला बरी वाटते. तिने निदान खोटे बोलायला सुरुवात केलेली नसते.

तुमच्या फुलदाणीत तीन गोष्टी पाहा. पहिली, पॉन्टिलचा खळगा. वाफ भांडे सळईवर असतानाच दिली जाते. नंतर बूड घासतात, तेव्हा घासलेल्या भागावरची झळाळी निघून जाऊन साधी काच उघडी पडते. खळग्याच्या आतही झळाळी अखंड पसरलेली असेल तर लेप घासणीनंतर चढवला आहे, बहुधा थंड काचेवर फवारून. दुसरी, नक्षी. लोट्झच्या धाग्यांची नक्षी काचेत रुतलेली असते आणि बोटाला जवळपास लागत नाही. पाल्मे-क्योनिगच्या फुलदाण्यांवर धागे जाळ्यासारखे बाहेर उठून असतात. तिसरी, सहीची रेघ. चाकाने खोदलेल्या अक्षराची रेघ रुंदावत-निमुळती होत जाते. हिऱ्याच्या टोकाने ओढलेली बारीक आणि कोरडी असते. विजेच्या थरथरत्या पेनची रेघ भिंगाखाली ठिपक्यांची माळ दिसते. 1900 च्या सुमाराच्या म्हणवल्या जाणाऱ्या भांड्यावर ठिपक्यांची माळ म्हणजे विषय संपला.

हे सगळे पार झाले तरच आकाराकडे वळा. लोट्झच्या आकारांचे मूळ कागदी नमुने आणि उत्पादन क्रमांक बऱ्याच प्रमाणात टिकले आहेत. त्यामुळे उंची, खांद्याचा वळसा, काठाची पाकळी यांची जुळणी करता येते. आकार आणि नक्षी दोन्ही नोंदीत एकत्र सापडले तर सहीची गरजच राहत नाही. फक्त नक्षी ‘साधारण तशी’ असेल तर ‘बोहेमिया, 1900 च्या सुमारास’ इथेच थांबायचे.

‘ऑस्ट्रिया’ या शब्दाचा अर्थही ध्यानात ठेवा. बोहेमिया 1918 पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, त्यानंतर चेकोस्लोव्हाकिया झाला आणि 1993 पासून चेक प्रजासत्ताक. देशाचे नाव म्हणजे तारखेची चौकट. अमेरिकेच्या 1890 च्या आयातकर कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून त्या बाजारासाठीच्या मालावर ते दिसू लागले. उलट अनुमान मात्र काढू नका: नाव नाही म्हणून फुलदाणी त्याआधीची ठरत नाही, कारण नाव अनेकदा कागदी लेबलावर असे आणि लेबल पहिल्याच धुण्यात जाई.

सहीच्या बाबतीत फ्रेंच काचेचे दोन सापळे सांगून ठेवतो, पुढे केव्हातरी कामी येतील. एमिल गाले 1904 मध्ये वारले. त्यानंतर काही काळ सहीशेजारी तारा घालत, आणि कारखाना 1930 च्या दशकापर्यंत चालू होता, त्यामुळे ‘गाले’ सहीची बहुसंख्य भांडी त्यांच्या हयातीनंतरची आहेत. रोमानियात बनलेल्या आधुनिक प्रतींवर ‘टिप गाले’, म्हणजे ‘गालेसारखी’, असे प्रामाणिकपणे लिहिलेले असते, पण वाटेत कोणीतरी ‘टिप’ घासून टाकतो. म्हणून नावाच्या आजूबाजूला काच किंचित खोलगट किंवा जास्त चकचकीत आहे का, ते तिरक्या प्रकाशात बघा. लालिकचे उलटे: रने लालिक यांच्या 1945 मधल्या मृत्यूपर्यंत सहीत नावाआधी ‘आर’ असे, नंतर ते गेले. त्यामुळे नंतरच्या फुलदाणीत कोणीतरी तेवढे एक अक्षर वाढवतो. शेजारच्या अक्षरांशी त्याची खोली आणि रेघ जुळते का, इतकेच तपासायचे.

विक्रीच्या वर्णनातले शब्दही नीट वाचा. ‘अमुक कारखाना’ म्हणजे विकणारा ठामपणे सांगतो आहे. ‘अमुकचे असावे’ म्हणजे जाणकाराचे मत, हमी नाही. ‘अमुक शैली’ म्हणजे तिथले नाही, याची विकणाऱ्याला बहुधा कल्पना आहे. तुमच्या पहिल्या फुलदाणीच्या पावतीवर यांपैकी कोणता शब्द आहे ते पाहा.

माझा आजचा अंदाज: पहिलीची घनता 2.5 च्या जवळ आली आणि बुडावर पुसटही अक्षरे नसतील, तर ‘मुरानो किंवा ख्रिब्स्का, 1950 ते 1970, कारखाना अनिश्चित’ अशी नोंद करा. ही कमीपणाची नोंद नाही. संग्रहालयांच्या पत्रिकांवरही ‘कारखाना अज्ञात’ असतेच. घनता 2.9 च्या वर गेली तर मुरानो खोडून कॅनडा आणि स्वीडन तपासायला घ्या. दुसरीची नोंद सही वगळून ‘झळाळीची काच, बहुधा बोहेमिया’ एवढीच करा, आणि खळग्यात झळाळी सापडली तर ‘बोहेमिया’ही काढा.

पुढचे मत हवे असेल तर फोटो असे काढा. संपूर्ण फुलदाणी शेजारी पट्टी ठेवून, पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या प्रकाशात. बूड सरळ वरून आणि एकदा तिरक्या प्रकाशात, फ्लॅश बंद. काठ बाजूने. थरांच्या सीमा मागून उजेड देऊन. सहीचा फोटो भिंगातून, आणि त्याआधी अक्षरांवर पेन्सिलीचे शिसे हलके चोळून पुसा. रेघा काळ्या होतात आणि पाण्याने धुतल्या जातात. वजन ग्रॅममध्ये, उंची मिलिमीटरमध्ये लिहा. कुठून घेतली आणि कोणत्या नावाने विकली गेली हेही लिहा, पण वेगळ्या ओळीत, म्हणजे बघणाऱ्याला आधी काच बघता येईल.